तांबड्याच्या जागी पांढरं

सूचना : मुलाला कार्ड दाखवावे. ठोकळ्यांनी तसेच चित्र करण्यास सांगावे. मदत करू नये.

मी घड्याळ सुरू केलं.

(१९७४चा मे. चादरींच्या गावातली, भवानी पेठेतली आमची शाळा सुट्टीमुळे ओस. चौथीच्या वर्गात दोघीच. मी, पुण्याहून दहा दिवस शिकून बुद्धिमापनाची पेटी घेऊन आलेली शाळेतली बाई. आणि पारू, वय नऊ, चादरीच्या नक्षीचे पुठ्ठे कापणाऱ्या चन्नप्पांची मुलगी. एकशे तीस गुण पडले तर निवासी शाळा, मॅट्रिकपर्यंत सगळं फुकट. नाही पडले तर जूनपासून आईशेजारी बसून विड्या वळायच्या.)

शब्दांचे प्रश्न ती उथळ पाण्यातून चालावं तशी ओलांडून आली होती. आता ठोकळे. काही बाजू तांबड्या, काही पांढऱ्या, काही तिरक्या अर्ध्या-अर्ध्या.

अकरा सेकंद.

"झालं, बाई."

कार्डावर तांबड्यात पांढरा चौकोन होता. टेबलावर पांढऱ्यात तांबडा.

शून्य.

दुसरं कार्ड, नऊ सेकंद. शून्य. तिसरं. शून्य.

सूचना : लागोपाठ तीन चुकल्यास थांबावे.

थांबायला हवं होतं. पण गल्लीतले माग एका लयीत वाजत होते आणि घड्याळाचा काटा त्यांच्या तालावर चालतोय असं वाटायला लागलं. उन्हाचा एक पट्टा फरशीवर सरकत आला. एक फरशी उजळली, शेजारची विझली. वाटलं, आम्ही दोघी एका फार मोठ्या चादरीवर बसलोय आणि तिच्या खालच्या बाजूला, हेच रंग उलटे पांघरून, कुणीतरी गाढ झोपलंय.

चौथं. सहावं.

नववं.

सगळी उलटी. आणि एकाही ठोकळ्याची चूक नाही.

"पारू, कार्डावर हे तांबडं आहे ना?"

"व्हय की."

"मग तू पांढरं का ठेवलंस?"

मीच मंद असल्यासारखं तिनं माझ्याकडे पाहिलं.

"तांबड्याच्या जागी पांढरंच म्हनायचं असतंय, बाई. न्हाय तर अप्पा वरडतात."

चन्नप्पा बाहेर व्हरांड्यात उकिडवे बसले होते. त्यांना आत बोलावलं.

"मागावर चादरीची उलटी बाजू वर असती की," ते म्हणाले. "मी पुठ्ठ्याला भोकं पाडतो, त्या भोकांवरनं मागावर नक्षी उठती. ही नक्षीचा कागद वाचती. कागदावर तांबडं दिसलं की हिनं पांढरं सांगायचं. चार वर्सं झाली, एक भोक चुकलं न्हाय."

मग त्यांनी टेबलाकडे पाहिलं. कार्डाकडे पाहिलं.

"हितं सुलटं पायजे हुतं व्हय? अगं खुळे, बाईंचा माग हाय व्हय ह्यो?"

मी घड्याळ पालथं घातलं.

"पारू, आता सुलटं कर."

तिनं केलं. नऊच्या नऊ. किती सेकंद लागले ते ठाऊक नाही. मोजायला कुणी नव्हतं.

सूचना : दुसरा प्रयत्न धरू नये.

धरून एकशे एक्केचाळीस. न धरता एकशे अठरा. उत्तरपत्रिकेवर एकशे अठरा लिहिले. मग कागद उलटला आणि मागची बाजू भरेपर्यंत लिहीत राहिले : माग, पुठ्ठे, पारू. पुढच्या बाजूला, अगदी तळाशी : कृपया मागे पाहावे.

जूनमध्ये पुण्याचं पत्र आलं. गुण ११८. निवड नाही.

पत्र घेऊन त्यांच्या घरी गेले. पारू कागद वाचत होती, "पांढरं, पांढरं, तांबडं," आणि चन्नप्पा भोकं पाडत होते. कोपऱ्यात विडीच्या पानांचं नवंकोरं सूप, तिच्या मापाचं.

तिनं पत्र हातात घेतलं. वाचलं. उलटलं.

"बाई, मागनं कोरंच हाय की."



"चन्नप्पा," मी म्हणाले, "एक चादर द्या. तांबडी-पांढरी."

"पांघरायला?"

"दाखवायला."

चादर पारूनं निवडली. मोराची. घडी तिनंच घातली, सुलटी बाजू वर ठेवून.

आता पुण्याच्या गाडीत ती चादर माझ्या मांडीवर आहे. खिडकीबाहेर माळ झोपेत कूस बदलतोय. आज निवड करणाऱ्यांच्या टेबलावर मी ती पसरणार. उलटून बघायला त्यांना किती सेकंद लागतात, हे मोजायला घड्याळ बरोबर घेतलंय.