क्लॅपच्या आधी

तिनं चित्र थांबवलं, थोडं मागे घेतलं आणि पुन्हा सोडलं. पडद्यावर रिकामी खोली. खिडकीशी नटी पाठमोरी उभी. डावीकडून एक हात आत येतो, हातात काळीपांढरी पाटी. कोणीतरी दृश्याचा आकडा पुकारतो, पाटीची फळी खट्कन मिटते, हात निघून जातो. सिनेमा इथून पुढे सुरू व्हायचा. ती मात्र पुन्हा मागे गेली.

"ताई, सकाळपासून काय शोधताय? मला सांगा की, मी काढून देते," शेजारच्या टेबलावरून मदतनीस बाई म्हणाली.

"बाबांचा चेहरा."

मदतनीस बाईनं हातातलं काम खाली ठेवलं. ती उठून खिडकी उघडायला गेली.

चेहरा सापडणार कुठून! बाबांनी जन्मभर पाटीच लावली. क्लॅप देणारा माणूस चांगला कोणता, तर जो पाटी पुढे करतो आणि स्वतः चौकटीबाहेर राहतो. त्यांचा हात प्रत्येक शॉटच्या तोंडाशी असायचा, आवाज असायचा, आणि सिनेमा लोकांपर्यंत पोचेस्तोवर दोन्ही कात्रीखाली जायचं. पुढे लेकच संकलक झाली. आल्यागेल्याला बाबा मोठ्या खुशीत सांगायचे, "मी लावायचं आणि हिनं कापायचं, असा आमच्या घरचा धंदा आहे. बापाला कापून कापून मोठी झाली कार्टी!" युनिटमध्ये सगळे त्यांना पाटीकाका म्हणत. खरं नाव पगाराच्या दिवशीच निघायचं.

हा त्यांचा शेवटचा सिनेमा. शूटिंग आटोपलं आणि त्यानंतर घशाचं दुखणं कळलं. मग बघता बघता सगळं संपलं. त्या सिनेमाच्या दिवसांत ती कामात इतकी बुडालेली होती की घरी जाणंसुद्धा व्हायचं नाही. फोन केला की आईच उचलायची. "हे दमून झोपलेत गं," म्हणायची. ती म्हणायची, झोपू दे, उद्या करते. त्या वर्षातल्या बाबांच्या बोलण्यातलं काही आठवू म्हटलं तर तिला आठवत नसे.

आता पुरस्कारांची नामांकनं जाहीर झाली होती. त्यांच्या सिनेमाला दिग्दर्शनाचं होतं, छायाचित्रणाचं होतं, ध्वनीचं, वेशभूषेचं होतं, आणि संकलनाचं तिला होतं. अभिनंदनाच्या फोननं दिवसभर उसंत मिळाली नव्हती. संध्याकाळी ती आईकडे गेली तेव्हा आईनं तिचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"त्या कार्यक्रमात वर्षभरात गेलेल्यांचे चेहरे दाखवतात ना पडद्यावर? शेजारच्या सांगत होत्या. मग यांचाही दाखवतील."

"दाखवतील की," ती बोलून गेली.

बोलून गेली आणि अडकली. दुसऱ्या दिवसापर्यंत आईनं अख्ख्या इमारतीत सांगून टाकलं. बाबा गेल्यापासून गुडघ्यांचं निमित्त करून जी बाई जिना उतरली नव्हती, तिनं ठेवणीतली शाल काढून उन्हात टाकली. "तुझं मिळेल न मिळेल, ते तुझं तू बघ," ती लेकीला म्हणाली. "मी यांना बघायला येणार."

पुरस्कार समितीच्या सचिवांना तिनं आज सकाळीच फोन केला होता. माणूस वाईट नव्हता. बिचारा कानकोंडा होऊन बोलत होता.

"बाई, मला तुमचं दुःख कळतंय. पण त्या भागात कोणाला घ्यायचं याचे नियम आहेत. पाटी लावणारे घेतले तर दिवे उचलणारेही घ्यायला हवेत, गाड्या चालवणारेही हवेत. कार्यक्रम संपायचाच नाही. तुम्ही स्वतः नामांकित आहात, त्याचा आनंद घ्या ना!" आणि मग ओशाळून म्हणाला, "हां, तुमच्या कामाचा तुकडा अजून आलेला नाही. अर्ध्या मिनिटाचा. बाकी चौघांचे आलेत. कोणता द्यायचा ते तुम्हीच ठरवायचं आहे, आम्ही त्यात बोटही घालत नाही."

फोन ठेवल्यापासून ती शोधत बसली होती.

दुपारी उशिरा एक टेक सापडला. कॅमेरा जमिनीलगत ठेवला होता, म्हणून पाटी खाली धरायला बाबांना वाकावं लागलं होतं. वाकताना कडेनं त्यांचा कान आत आला, चष्म्याची काडी आली, हनुवटीवरचे दाढीचे पांढरे खुंट आले. क्षणभरच. मग आवाज आला, आकडा पुकारणारा. बसलेला, खरखरीत. सर्दी झाली असेल, तिला वाटलं. त्या आठवड्यात सेटवर धूळ फार होती, सगळं युनिट खोकत होतं म्हणे.

"हा मी कधी ऐकलाच नाही," ती स्वतःशीच म्हणाली.

"कसा ऐकाल?" मदतनीस बाई म्हणाली. "क्लॅपपर्यंतचं सगळं मीच काढून टाकते ना आधी. तुमच्या टेबलावर स्वच्छ येतं."

ते खरंच होतं. सुरुवातीच्या दिवसांत ती स्वतः काढायची. नाव झाल्यावर अशी कामं दुसऱ्यांकडे गेली. त्यात वावगं काही नव्हतं, सगळीकडे तसंच चालतं. तिनं तो तुकडा वेगळा काढला. पाटीसकट, आवाजासकट.

एकटीच्या जिवावर हे करणं बरं दिसलं नसतं, म्हणून दिग्दर्शकांना तिनं बोलावून घेतलं. त्यांनी उभ्याउभ्याच बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? संकलनाचं नामांकन, आणि न कापलेला शॉट दाखवणार? अख्खं सभागृह हसेल."

"हसू दे."

"हसू दे काय! लोक म्हणतील, बाई कापायलाच विसरली. एकदा हसं झालं की वर्षानुवर्षं पुसलं जात नाही. आपल्या धंद्यातली माणसं तुला माहीत नाहीत का?"

"माहीत आहेत. आईला मी शब्द दिलाय."

दिग्दर्शकांनी तिच्याकडे बघितलं. मग खुर्ची ओढून खाली बसले आणि म्हणाले, "पुन्हा लाव." त्यांनी तो तुकडा पुन्हा बघितला, मग आणखी एकदा. त्यांच्या पहिल्या सिनेमालाही पाटी बाबांनीच लावली होती. ते उठले, दारापर्यंत गेले आणि मागे न वळता म्हणाले, "तू मला विचारलंच नाहीस. मला यातलं काही माहीत नाही."

स्मरणाच्या भागात बाबा नाहीत, एवढं तरी आईला आधी सांगून टाकावं, असं तिनं रोज ठरवलं. कार्यक्रमाला जाताना गाडीतसुद्धा ठरवलं. पण आई नवा चष्मा लावून, शाल नीट सारखी करून बाहेर बघत बसलेली. जीभ रेटेना.

सभागृहात त्यांना पुढची रांग मिळाली होती. आईला इतक्या दिव्यांची सवय नव्हती, तिनं लेकीचा दंड घट्ट धरला. आजूबाजूला नामांकित मंडळी बसलेली. जो तो हसतमुख आणि जो तो आतून हबकलेला. संकलनातले बाकीचे चौघे येऊन तिला भेटून गेले. एकमेकांना "तुम्हालाच मिळणार बघा" म्हणून झालं.

गेलेल्यांचा भाग आधी आला. दिवे मंदावले, संथ सूर सुरू झाले. एक म्हातारी नायिका, तिच्या तरुणपणीच्या फोटोत. एक गायक. एक निर्माता. एक हसवणारा नट, त्याला बघून लोकांनी डोळे टिपले. आई पुढे सरकून ताठ बसली होती. प्रत्येक चेहरा आला की तिची मान किंचित वर व्हायची आणि चेहरा दुसऱ्याचा निघाला की खाली यायची. ते बघवेना, म्हणून लेकीनं नजर समोरच्या खुर्चीच्या पाठीवर लावून ठेवली. तिला स्वतःची अशी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दिवे लागले.

"झालं?" आईनं विचारलं.

"हो."

"यांचा राहिला वाटतं," आई म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. घरी पाहुणा येणार म्हणून सगळी तयारी करावी आणि तो येत नाही असं कळावं, तशी ती मागे टेकली आणि शालीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"आई, थांब जरा. अजून आहे."

"आता काय असायचंय?" आई म्हणाली. पण थांबली.

संकलनाची पाळी आली. पाकीट घेऊन दोन नट मंचावर आले, त्यांची ठरवलेली थट्टामस्करी झाली. मग तुकडे सुरू झाले. एकात घोड्यांचा पाठलाग, एकात लढाई, एकात आग लागलेली गिरणी, एकात नाच. डोळ्याचं पातं लवायच्या आत चित्रं बदलत होती. लोकांनी दाद दिली. शेवटी तिचं नाव पुकारलं गेलं आणि पडद्यावर रिकामी खोली आली. काही हललं नाही. मग कडेनं एक कान, चष्म्याची काडी, पांढरे खुंट. भिंतीएवढे मोठे. खरखरीत आवाजानं आकडा पुकारला आणि फळी मिटली.

पुढच्या रांगांत हशा पिकला.

"अरे, क्लॅप राहिला की!" कोणीतरी मोठ्यानं म्हणालं. मंचावरचा नटही हसला आणि मग हसणं आवरून उगाच टाय नीट करू लागला. तिनं मान खाली घातली नाही. वरच्या सज्जात दिवेवाले, रंगभूषेवाले, ध्वनीवाले बसले होते. तिथून हसण्याचा आवाज आला नाही. पडद्यावरची नटी सावकाश खिडकीकडून वळली, तुकडा संपला.

पाकीट फोडलं. आग लागलेल्या गिरणीवाल्याचं नाव निघालं. तो गडबडीनं उठला, कोणाकोणाला मिठ्या मारत मंचाकडे निघाला. तिच्या तोंडासमोरचा कॅमेरा लगेच दुसरीकडे वळला. तिनं सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या आणि खरं सांगायचं तर तिचा जीव भांड्यात पडला. झालं एकदाचं.

आईनं डोळ्यांवरचा चष्मा काढला होता. शालीच्या टोकानं ती काचा पुसत होती. बराच वेळ पुसत होती.

"तुला मिळालं का?"

"नाही."

"असू दे." मग आई म्हणाली, "आवाज पार बसला होता ना यांचा."

"सर्दी झाली होती तेव्हा. धूळ होती फार."

"सर्दी कसली!" आईनं चष्मा पुन्हा लावला. "डॉक्टरांनी सांगितलं होतं तोवर. पहिल्याच आठवड्यात."

तिनं आईकडे बघितलं. मंचावर विजेता कागद उलगडून नावं वाचत होता.

"म्हणजे? बाबांना शूटिंगच्या वेळी माहीत होतं?"

"मग! मी म्हटलं, पोरीला सांगा. तर म्हणाले, माझ्या तोंडून सांगवत नाही. तुझा फोन आला की माझ्या हातात द्यायचे. आवाज ऐकला की तू रडशील, म्हणून." आई समोर बघूनच बोलत होती, हळू, शेजारच्यांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं. "पण सेटवर जायचं काही सोडलं नाही. मी ओरडले की म्हणायचे, तिला वेगळं कशाला सांगायला हवं? मी पुकारतो ते सगळं तिच्याच टेबलावर जातं. रोज माझा आवाज तिच्या कानावर पडतो. एवढा तयार कान तिचा, तिला कळल्यावाचून राहील का?"

ती आईकडे आणखी कलली.

"मग तू काही विचारेनास. तेव्हा म्हणाले, बघ, कळलंय तिला. पण काम पुरं करायचंय म्हणून गप्प आहे. बापाचा मान राखते. शहाणी आहे म्हणाले पोर." आईचा आवाज किंचित हलला. "मीच आपली घोर लावून घ्यायचे, की हिला खरंच कळलंय की नाही. यांना विचारायची सोय नव्हती. त्या भरवशावर तर ते रोज उठून जायचे."

टाळ्यांचा कडकडाट झाला, कुणीतरी शिट्टी वाजवली. मदतनीस बाईच्या टेबलाखालची कापलेल्या तुकड्यांची टोपली तिच्या डोळ्यांपुढे आली, मग घरचा फोन, आणि "झोपू दे, उद्या करते." आईच्या खांद्यावरून शाल घसरली होती. तिनं ती वर ओढली, नीट केली, पुन्हा नीट केली.

"कळलं होतं ना गं तुला तेव्हा?"

"हो," ती म्हणाली.

"मग बरं," आई म्हणाली. "मला आपली उगाच रुखरुख होती."

आणि मांडीवरचे हात उचलून ती त्या गिरणीवाल्यासाठी टाळ्या वाजवू लागली.