लेकुरवाळी आधी

मी एक जुनं जाळं आहे. मासे धरायचं नव्हे, पाखरं धरायचं. दचकू नका, मित्रांनो. मी धरते ती सोडण्यासाठीच. निदान मला तसं शिकवलेलं आहे.

कळंबच्या पुढे, टेकडीच्या पायथ्याशी एक संशोधन केंद्र आहे. तिथे दयाळ पक्ष्याच्या गाण्याचा अभ्यास चालतो. पिल्लू फक्त बापाचंच गाणं उचलतं, की त्यात शेजाऱ्यांच्या ताना मिसळतं, हे तिथल्या माणसांना जाणून घ्यायचं आहे. पण दयाळाचे सगळे नर सारखेच दिसतात. आत्ता गातोय तो नेमका कोण, हे कळणार कसं? म्हणून त्यांना पकडून पायात रंगीत कडी घालतात आणि लगेच सोडून देतात. ते पकडण्याचं काम माझं.

केसाइतक्या बारीक काळ्या धाग्याचं माझं अंग. दोन बांबूंमध्ये ताणलं की मी दिसेनासं होते. एकाखाली एक असे माझे चार कप्पे, आणि प्रत्येक कप्प्याला खाली सैल झोळ. पाखरू येऊन आपटलं की त्या झोळात अलगद पडून राहतं. मी नवं होते तेव्हा केंद्रातली माणसंसुद्धा मला धडकायची. जितेश एकदा चष्म्यासकट अडकला होता. तेव्हा इंदूबाई म्हणाल्या होत्या, "याला कुठल्या रंगाची कडी घालू रं?" मला फार मजा वाटली होती.

आता मजा वाटत नाही. सहा वर्षं झाली. तांबडं फुटायच्या आत उघडायचं, ऊन चढलं की मिटायचं. सागाची वाळकी पानं अंगात घुसतात, ती एकेक करून काढायची. तुटलेले धागे सांधून सांधून माझं अंग जागोजागी आखडलं आहे. एका जागी उभं राहून थकतं का कोणी, असं तुम्ही म्हणाल. थकतं.

इंदूबाई शेजारच्या वाडीतल्या. पाखरू न दुखवता झोळातून सोडवावं ते त्यांनीच. पिशवीत घालण्याआधी त्या फुंकर मारून त्याच्या पोटावरची पिसं बाजूला करायच्या. ज्या मादीच्या घरट्यात अंडी किंवा पिल्लं असतात, तिच्या पोटावर पिसं नसतात. कातडीची ऊब पिल्लांना थेट लागावी म्हणून ती गळून जातात. असं उघडं पोट दिसलं की इंदूबाई ओरडायच्या, "लेकुरवाळी आधी!" मग रांगेतली बाकीची पाखरं थांबायची आणि तिची सुटका पहिली व्हायची. पुढे वहीतसुद्धा अशा माद्यांच्या रकान्यावर 'लेकुरवाळी' असंच लिहू लागले.

नम्रता दहिवलीची. दयाळाचा सगळा अभ्यास तिचा. यंदा ती चार महिन्यांच्या मुलीला घेऊनच कामावर येऊ लागली. केंद्राच्या ओसरीत साडीची झोळी बांधून त्यात मुलीला निजवायची. तिचे डोळे कायम जड असायचे. माझी दोरी धरून उभ्या उभ्या डुलकी घेताना मी तिला पाहिलं आहे. आम्ही दोघं एकमेकांना ओळखून होतो, असं मला वाटायचं.

एप्रिलमधली गोष्ट. नऊ वाजून गेले होते आणि मला मिटणं चाललं होतं. नम्रताने वरचे तीन कप्पे एकत्र करून गुंडाळले, तेवढ्यात ओसरीतून रडणं आलं. ती थबकली. हातात पाखरांच्या पिशव्या घेतलेल्या इंदूबाई हसून म्हणाल्या, "जा गं तू. लेकुरवाळी आधी!"

नम्रता पळाली. तिला वाटलं, राहिलेला कप्पा इंदूबाई मिटतील. इंदूबाईंना वाटलं, हिने सगळं मिटलंच आहे. त्या पिशव्या घेऊन गेल्या. माझा चौथा कप्पा उघडाच राहिला.

थोड्या वेळाने त्यात दयाळाची मादी येऊन पडली. चोचीत अळी होती. अळी खाली पडली. मादीने धडपड केली, तसे माझे धागे तिच्या पंखात, मग मानेभोवती गेले. ऊन थेट तिच्या अंगावर होतं. चोच उघडी टाकून ती धापा टाकत होती. पाण्याच्या टाकीखालच्या भिंतीतल्या भोकातून तिच्या पिल्लांची चिवचिव येत होती. ती मला ऐकू येत होती, म्हणजे तिलाही येत असणार. मित्रांनो, मी काय करणार? मला धरता येतं. सोडता येत नाही. सोडायला माणसाचा हात लागतो.

पिल्लांची चिवचिव बारीक होत गेली.

ओसरीत मुलीला पाजता पाजता नम्रताने विचारलं, "मावशी, खालचा कप्पा नीट बांधलात ना?"

"मी? मी नाय गं! मला वाटलं तूच..."

पुढचं बोलणं झालंच नाही. जितेशसकट तिघं धावत आली. मूल नम्रताच्या कडेवर, पदर अर्धा खांद्यावर. तिने मुलीला जितेशच्या हातात कोंबलं आणि मादीच्या पोटावर फुंकर मारली. पोट उघडं होतं.

इंदूबाईंनी बोटांनी धागा शोधला. "मानेत दोन वेढं हायेत. सुटायचं नाय. काप."

"कापू नका," जितेश म्हणाला. "एवढं एकच धड जाळं उरलंय. नवीन येईपर्यंत यंदाचं काम बुडेल. जरा हळूहळू बघा ना."

"हळूहळू किती वेळ? ती पिल्लं थांबतील का?" नम्रताचा आवाज फाटला. "कात्री दे!"

तिने मला मधोमध कापलं. दुखलं नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ताण सुटला.

मादी नम्रताच्या तळव्यावर डोळे मिटून पडली होती. इंदूबाईंनी तिला सावलीत नेलं, पाण्याचा थेंब चोचीला लावला. कडी कोणी घातली नाही. खूप वेळाने ती उठली, जमिनीलगत उडाली आणि भिंतीतल्या भोकात शिरली.

त्या दिवशीच्या वहीत नम्रताने लिहिलं, 'चौथा कप्पा माझ्या चुकीने उघडा राहिला.' इंदूबाई म्हणाल्या, "माजं बी नाव घाल." मग तेही लिहिलं गेलं. वरिष्ठांनी यंदाचं पकडणं थांबवलं. पुढे भोकातून तीन पिल्लं बाहेर आली. चौथं आत मेलेलं सापडलं. ते त्या दिवसामुळे गेलं की आणखी कशामुळे, हे कोणालाच सांगता आलं नाही. नम्रताने विचारायचं मात्र सोडलं नाही.

आता मी माळ्यावर पडून आहे. शेजारच्या रिसॉर्टचा हरेश परवा म्हणत होता, "ताई, ते फाटकं जाळं द्या की, चिकूच्या झाडावर टाकतो, पाखरं फळं खातात." नम्रता नाही म्हणाली. तिने मला नीट घडी करून ठेवलं आहे. तिला माझी माया आहे, हे मला कळतं.

पण मित्रांनो, तुम्ही तिला माझा एक निरोप सांगाल का? मला जपून ठेवू नकोस म्हणावं. आज ना उद्या माळा आवरला जाईल, कोणीतरी मला कुंपणावर फेकेल, झाडावर टाकेल. तिथे पाखरं येतील, आणि बघायला कोणी येणार नाही. मी कितीही थकलेलं असले तरी माझं धरणं थांबत नाही. तुमच्याकडेही झाडावर टाकलेलं जाळं असेल, तारेला लोंबणारा मांजा असेल. रोज जाऊन बघणं होत नसेल, तर ते काढून टाका.

आणि नम्रताला सांगा, कात्री घे. तेव्हा अर्धंच कापलं होतंस. आता बोटभर तुकडे कर.