दहापैकी नऊ

मी आयुष्यात कुणालाही दहापैकी दहा दिलेले नाहीत. हॅलिफॅक्सच्या शाळेत चौतीस वर्षं इतिहास शिकवला, दर उन्हाळ्यात बोर्डाच्या पेपरांचे गठ्ठे घरी आणून तपासले, पण दहा नाही म्हणजे नाही. नऊ दिलेत, तेही अकराच वेळा. ती अकराही पोरं मला नावानिशी आठवतात. आमच्या यॉर्कशरमध्ये ‘वाईट नाही’ म्हणजे कौतुकाची हद्द झाली. कीथने मला लग्नाचं विचारलं तेव्हा मी म्हणाले, “कल्पना वाईट नाही.” तो बिचारा आनंदाने स्टेशनापर्यंत पळत गेला.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते माझ्या दुष्टपणामुळे झालं असं कुणाला वाटायला नको. दुष्टपणाने झालं असतं तर एक वेळ परवडलं असतं.

कीथ गेल्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून मी जहाजावर एकटीच जाते. साउदम्प्टनहून निघायचं, मदेरा, कॅनरी बेटं करायची, चौदा रात्रींनी परत. ही माझी सत्तेचाळिसावी सफर. माझ्या नावावर सहाशेच्या वर रात्री जमल्यात, म्हणून कंपनीने मला नीलम पिन दिली आहे. नीलमच्या वर पायरी नाही. चढताना रांगेत उभं राहायचं नाही, कपडे फुकट धुऊन मिळतात, खोलीत वाइनच्या दोन बाटल्या ठेवलेल्या असतात आणि एका संध्याकाळी कप्तान हातात शँपेन देऊन माझं नाव चुकीचं उच्चारतो. कीथचीही पिन होती. तो गेला तेव्हा कंपनीने फार सुंदर पत्र पाठवलं आणि त्याच्या रात्री रद्द केल्या. माझ्या नावावर चढवा म्हटलं, तर म्हणे नियमात बसत नाही. त्या पत्राला मी सात दिले होते.

रात्रीच्या जेवणाला आमचं टेबल ठरलेलं, बासष्ट नंबरचं. मी आणि वुल्वरहॅम्प्टनचे ट्रँटर नवराबायको. डेस्मंड ट्रँटरचं गालिच्यांचं दुकान होतं, आता विकून टाकलंय. त्याची पिन सोनेरी, म्हणजे माझ्याहून एक पायरी खाली. ते त्याच्या घशात रोज संध्याकाळी सूपबरोबर अडकायचं.

“मास्तरीणबाई,” तो माझ्या पिनकडे बघून म्हणायचा, “नीलमवाल्यांच्या वाइनला चव कशी असते हो? आम्हा सोनेरी लोकांना व्हिनेगर देतात.”

“तुम्हाला फरक कळतो?”

“याला?” त्याची बायको पॉलीन खो खो हसली. “माझ्या भावाकडे स्वयंपाकातली वाइन चुकून याच्या ग्लासात पडली. दोन ग्लास ढोसून वर विचारतो, कुठल्या सालची हो?”

“हस, हस तू,” डेस्मंड म्हणाला. “पण हा माशाचा तुकडा बघ. मांजराला तरी पुरेल का? पूर्वी शेवटच्या रात्री आख्खा लॉबस्टर यायचा. आता त्याचे वेगळे पैसे. चीजची गाडी फिरायची ती कुठे गेली? ह्या कंपनीचं काही खरं राहिलेलं नाही. ही आपली शेवटची सफर.”

“हे तो नवव्यांदा म्हणतोय,” पॉलीन मला म्हणाली.

आमचा वाढपी होता नेस्टर. फिलिपिन्सचा, इलोइलोचा, बेचाळीस वर्षांचा. पहिल्याच रात्री टेबलावर आम्ही तिघं आणि खुर्च्या चार. अशा वेळी वाढपी काय करतात मला पाठ आहे. चौथा काटा-चमचा झटकन उचलतात, खुर्ची भिंतीशी सरकवतात, आणि मी तिकडे न बघण्याचं सोंग करते. नेस्टर माझ्या कानाशी वाकला आणि हळूच म्हणाला, “मॅडम, खुर्ची ठेवू की नेऊ?”

चार वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, “राहू दे.” तेव्हापासून ती खुर्ची रोज माझ्या डाव्या हाताला, नीट टेबलाशी लावलेली असायची.

दुसऱ्या रात्री त्याने माझं मनगट दुखतं हे ओळखलं. मी काही बोलले नव्हते. मासा माझ्यासमोर आला तो काटे काढूनच, आणि ते त्याने बाजूच्या मेजावर असं उरकलं की डेस्मंडला पत्ता लागला नाही. लागला असता तर त्याने जेवण संपेपर्यंत त्याचं भजन केलं असतं.

सहाव्या दिवशी जहाज मदेराला लागलं. सगळे किनाऱ्यावर गेले. माझ्या पायांना आता चढ झेपत नाही, म्हणून मी दुपारी एकटीच जेवायला बसले. नेस्टर गप्प गप्प होता. काय झालं म्हणून विचारलं तर “काही नाही, मॅडम.” आता चौतीस वर्षं पोरांकडून खरं काढून घेण्यात गेली माझी, मला कोण दाद देणार नाही? पुडिंग येईपर्यंत सगळं बाहेर आलं.

हेडवेटरची एक जागा भरायची होती. नावं दोन, नेस्टर आणि दुसरा कुणी मार्को. निकाल या सफरीवर लागायचा.

“पगार वाढेल, होय?”

“वाढेल, मॅडम. पण ते सोडा. हेडवेटरला वर्षातून सहा आठवडे बायकोला जहाजावर आणता येतं.”

“आणि आत्ता?”

“दहा महिने काम, दोन महिने घर. अकरा वर्षांत बावीस महिने राहिलो तिच्याजवळ.” तो टेबलावरचा पावाचा चुरा हातात गोळा करत होता. “लुर्डेस म्हणते, तू तिथे लोकांशी हसतोस म्हणे, ते एकदा मला बघायचंय. घरी आलो की मी नुसता झोपतो हो.”

मला कीथबरोबर एकेचाळीस वर्षं मिळाली आणि मी त्यातली निम्मी पेपर तपासण्यात घालवली. मी विचारलं, “हे ठरवणार कोण?”

“फॉर्म, मॅडम. प्रवाशांचं मत. नीलमवाल्यांचा फॉर्म तर वेगळाच वाचतात.”

“मग मी काय लिहू?”

तो एक पाऊल मागेच सरला. “ते आम्ही सांगायचं नसतं. आकडा सुचवला तर त्याच दिवशी नोकरी जाते. तुम्हाला वाटेल ते लिहा, मॅडम. जे खरं असेल ते.”

खरं ते! मला तेच तर येतं. मी तिथेच ठरवलं, ही जागा याला मिळवून द्यायची.

फॉर्म आले तेराव्या दिवशी सकाळी, नाश्त्याला. डेस्मंडने पेन काढलं आणि दहाच्या रकान्यातून वरपासून खालपर्यंत फुल्या मारत गेला.

“अरे डेस, लायब्ररीलाही दहा?” पॉलीन म्हणाली. “तू पाय तरी ठेवलास का तिथे?”

“वाचत कोण बसलंय! दहा-दहा करत गेलं की लवकर उरकतं.”

माझं डोकंच फिरलं. “बारा दिवस प्रत्येक घासाला नावं ठेवलीत, आणि आता दहा?”

“मास्तरीणबाई, नावं ठेवणं हा माझा छंद आहे. फॉर्मचं तसं नसतं. तुम्ही नेस्टरला किती देणार?”

“त्याला योग्य तेवढे.”

“मग मेला बिचारा,” म्हणून तो हसला. मीही त्याच्या मूर्खपणाला हसले. देवा रे, खरंच हसले मी.

आख्खी दुपार मी खोलीत त्या फॉर्मपुढे बसले. जेवणाला सात दिले. वाइनला सहा, कारण लाल वाइन कोमट आणायचे. पिनवाल्यांच्या सवलतींना सात. खोलीला आठ. मग आलं ‘वाढप’, आणि मी पेन खाली ठेवलं. डेस्मंडचे दहा म्हणजे कचरा. असले दहा कोण मोजतो? उलट माझा फॉर्म वाचणाऱ्याला दिसेल की ही बाई कडक आहे, सात देते, सहा देते, आणि या एका माणसाला नऊ! तो ताठ होऊन बसेल. मी नऊच्या चौकटीत फुली मारली. आयुष्यातला बारावा नऊ. मागच्या कोऱ्या बाजूवर दीड पान लिहिलं, जोडून लिहायच्या माझ्या चांगल्या अक्षरात. खुर्चीचं लिहिलं, माशाच्या काट्यांचं लिहिलं. शेवटी लिहिलं, ‘सत्तेचाळीस सफरींत यापेक्षा चांगला वाढपी माझ्या पाहण्यात नाही.’ फॉर्म पेटीत टाकला आणि स्वतःवर खूश होऊन एक शेरी घेतली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, म्हणजे शेवटच्या जेवणाला, आमच्या टेबलाशी वेगळाच वाढपी उभा. टेबलाला खुर्च्या तीन. नेस्टर कुठे विचारलं तर म्हणे, “त्याची ड्युटी दुसरीकडे लागलीय.” मला वाटलं, झालं! हेडवेटर झाला! मी डेस्मंडला म्हटलंसुद्धा, “बघा, माझ्या फॉर्मचा गुण.”

जेवण संपताना झोआना आली. ही पोर्तुगीज मुलगी पिनवाल्यांचं सगळं बघते. हातात शँपेनची बाटली, मानेला निळी फीत बांधलेली.

“मिसेस ॲक्रॉइड, कंपनीतर्फे मी मनापासून माफी मागते. तुमची निराशा झाली, ती आम्ही गंभीरपणे घेतलीय.”

“माझी कसली निराशा?”

“तुमच्या फॉर्ममध्ये... वाढपाला नऊ.”

“हो, नऊ. मग?”

ती मुलगी शेजारच्या टेबलाची खुर्ची ओढून बसली आणि आवाज खाली आणून सांगू लागली. यंत्र फॉर्म वाचतं. दहा म्हणजे समाधानी. नऊ आणि त्याखाली सगळं एकच, असमाधानी. नऊ काय नि दोन काय. आणि नीलमवाल्यांचा फॉर्म साधा धरत नाहीत. एका फॉर्मचे तीन होतात. “ही तुम्हा खास लोकांची सवलतच आहे,” ती म्हणाली.

“अगं पण मी दीड पान लिहिलंय! ते वाचलं का कुणी?”

“ते किनाऱ्यावरच्या ऑफिसात जातं. महिन्याभराने.”

“मला दुसरा फॉर्म दे. आत्ता. मी दहा देते.”

“एका सफरीला एकच फॉर्म, मॅडम.”

“मग माझी पिन घ्या परत! माझ्या रात्री घ्या सगळ्या!” मी इतक्या मोठ्याने ओरडले की शेजारच्या टेबलावरचे लोक वळले. डेस्मंड ताटात बघत होता. एरवी एवढा वटवट करणारा माणूस, पण ‘मी म्हटलं नव्हतं का?’ असं एकदाही म्हणाला नाही. पॉलीनने माझा हात धरला. झोआनाने बाटली टेबलावर ठेवली, आणखी पाच रात्री माझ्या नावावर जमा केल्याचं सांगितलं आणि ती गेली.

सकाळी साउदम्प्टन आलं. बाहेर झाकोळलेलं होतं. मी सामान दाराशी ठेवून वरच्या मजल्यावर गेले, जिथे लोक स्वतःच ताटल्या भरून घेतात. नेस्टर तिथे उष्ट्या ताटल्या गोळा करत होता. मला बघून त्याने ढीग खाली ठेवला आणि एका टेबलाची खुर्ची माझ्यासाठी ओढली.

“नेस्टर, तो नऊ माझा होता.”

“माहीत आहे, मॅडम.”

“मी तुझ्या भल्यासाठी दिला रे. आमच्याकडे नऊ म्हणजे...” आमच्याकडच्या नवाचं तो काय करणार होता?

“मार्कोला मिळाली जागा,” तो म्हणाला. “चांगला आहे तो. त्याचं लग्न नाही झालेलं अजून.” आवाजात राग शोधला मी. असता तर बरं झालं असतं; मी शिव्या खायच्याच तयारीने आले होते. त्याने खिशातून ऑर्डर लिहायची वही काढली, पेन्सिल काढली आणि माझ्याजवळ वाकला.

“मॅडम, एक विचारू? रागावू नका. तो एक मार्क कुठे गेला? सांगितलंत तर लिहून ठेवतो. पुढच्या खेपेला सुधारीन.”

तो खरंच विचारत होता. पेन्सिल कागदावर टेकवून थांबला होता. मी तेरा रात्री डोळ्यांपुढे आणल्या, एक एक ताट आठवलं, आणि मला काही म्हणजे काही सापडलं नाही. कुठेच गेला नव्हता तो मार्क. मी नुसता दिला नव्हता. पण ते त्याला कसं सांगायचं? तुझी बायको येणार होती, ती मी सवयीने अडवली, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? माझी हिंमत झाली नाही.

“कॉफी,” मी म्हणाले. “कॉफी जरा उशिरा यायची.”

“कॉफी,” तो म्हणाला आणि त्याने ते लिहून घेतलं. खाली रेघ मारली. “थँक यू, मॅडम. हे कुणी सांगितलंच नव्हतं.”

कॉफी एकदाही उशिरा आली नव्हती.