अबोलीचा वाफा

"हाड, हाड" करत गुणाजी काठी घेऊन अंगणात धावला, तोवर मनोरी गावातली निम्मी कुत्री त्याचा नवा वाफा उकरून मोकळी झाली होती.

चूक त्याचीच. जन्मभर गिरणीत साच्यांवर कापड विणून म्हातारपणी तो इथे एका शेटच्या बंगल्याची राखण करत होता. अंगण म्हणजे निव्वळ पुळण. पाणी ओतावं आणि ते कुठे गेलं ते शोधत बसावं. म्हणून त्याने हातभर वाळू उपसून तळ्याचा गाळ भरला, शेणखत टाकलं आणि कोकणातल्या सवयीने पाटीभर खराब सुकट पुरली.

मागून हसण्याचा आवाज आला. दारात त्याची सून रत्नप्रभा तोंडाला पदर लावून हसत होती. गेल्या वर्षी नवरा गेल्यापासून तिचं बोलणं हो-नाहीपुरतंच उरलं होतं. गुणाजीला इतका आनंद झाला की कुत्र्यांना हाकलायचंच तो विसरला.

"मामांनू, ती माडाची रीत. अबोलेक सुकट कोण घालता?" म्हणत ती वाफ्यात उतरली. सुकट वेचून तिने माडाच्या बुडाशी टाकली, गाळाची ढेकळं हाताने फोडली, कुजलेला पाला मिसळला. गुणाजी एकेक रोप तिच्या हातात देऊ लागला. लग्न होऊन आली तेव्हा वेणीत अबोली माळल्याशिवाय ही पोर चुलीपुढे बसत नसे.

दोन-तीन रोपं लावून तिचा हात थांबला.

"ह्या सगळा कोणासाठी?"

देवासाठी, असं सांगायचं त्याने कालच ठरवून ठेवलं होतं. ऐन वेळी खोटं बोलवेना.

"तुझ्यासाठी."

स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती, पण विधवेच्या वेणीपर्यंत ते पोचलं नव्हतं. रत्नप्रभेचे डोळे भरून आले.

"माका आता फुलां शोभतत काय? लोक काय म्हणतीत? त्यापेक्षा देवाक वाहूया."

"देवाक जास्वंद आसा," गुणाजी म्हणाला. "लोकांचा मी बघतंय."

तिने पुढच्या रोपासाठी हात पुढे केला. उरलेली रोपं लावून झाली, तशी विहिरीवरून घागर भरून घेऊन आली. रोपांना पाणी घालता घालता, मान वर न करता तिने विचारलं,

"फुलां कधी येतली?"