पाटीवरचं पहिलं नाव

नात्सुनेचा पाय सकाळपासून ठरत नव्हता. जिना चढली, उतरली. पाहुण्यांच्या सपाता तिसऱ्यांदा सरळ केल्या. शिंपल्यांच्या सारावरचं झाकण उगीच उचलून पाहिलं, वाफ तोंडावर घेतली, परत ठेवलं. दहाला किनुए आत्या यायची होती, अकराला नाव बदलण्याचा अर्ज घेऊन कोर्टात जायचं होतं.

जपानमधल्या मात्सुए गावच्या तळ्याकाठी हे हॉटेल उभं राहिलं त्याला एकशे चाळीस वर्षं झाली. उभं केलं तोकुएमोननं. तेव्हापासून जो मालक होईल त्यानं आपलं नाव उतरवून ठेवायचं आणि तोकुएमोन व्हायचं, अगदी सरकारी कागदावरसुद्धा. आग लागली, तिसऱ्या तोकुएमोननं पुन्हा वासे चढवले. लढाईत सैनिकांनी खोल्या अडवल्या, चौथ्यानं सोसलं. माणसं गेली, नाव राहिलं. पाचवे तिचे बाबा. सहावी ती. नाव घेतलं नाही तर हॉटेल आत्याच्या मुलाकडे, सोसुकेकडे जावं, असं आत्याचं म्हणणं. आणि सोसुकेला हॉटेल पाडून तिथे गाड्या उभ्या करायला मोकळी जागा हवी होती.

पण नात्सुने हे नाव आईनं ठेवलेलं. आई गेली, तिची हाक तेवढी त्या नावात राहिली होती.

ती दाराशी येऊन बसली. दारातल्या काळ्या पाटीवर आज येणाऱ्या पाहुण्यांची नावं पांढऱ्या रंगानं लिहायची, हे मालकाचं रोजचं काम. बाबांचा हात कापायला लागल्यापासून तीच लिहायची. आज पहिलंच नाव तिरकं गेलं. तिनं पुसलं. लिहिलं. पुन्हा पुसलं.

“पाटीला भोक पाडशील गं,” मागून बाबा म्हणाले.

“बाबा, तुम्हाला तुमचं जुनं नाव आठवतं?”

“तुझी आई विसरू द्यायची नाही. खोलीचं दार लावलं की ‘अकिओ’ म्हणायची. तुझे आजोबा मात्र विसरले. शेवटी आजी त्यांना खऱ्या नावानं हाका मारत होती, तर त्यांनी ओच दिली नाही.”

तेवढ्यात आत्या आलीच, छत्री झटकत. “अजून बसलीयस? पुरुषाचं नाव घ्यायची लाज वाटते वाटतं! आमचा सोसुके तर एका पायावर तयार आहे.”

“जागा मोकळी करायला ना?” नात्सुने उठून उभी राहिली. “आत्या, मी हॉटेल सोडणार नाही. आणि आईनं ठेवलेलं नावही सोडणार नाही.”

“ऐकलंस दादा? सांग आता हिला. शेवटचा शब्द तुझा!”

बाबांनी नात्सुनेच्या हातातला कुंचला घेतला, पाटीपुढे वाकले, आणि कापऱ्या हातानं सगळ्यात वर लिहिलं: अकिओ.

“हे काय? आणि तोकुएमोन?”

“ते सकाळीच खोली सोडून गेले, किनुए. पाच पिढ्या मुक्काम केला, पुष्कळ झाला.”

“अन् किल्ल्या?”

“नात्सुनेपाशी देऊन गेले.”

पाटीवरचा रंग ओला होता, ‘अकिओ’चा एक ओघळ खाली चालला होता. नात्सुनेनं तो कमरेला खोचलेल्या फडक्यानं टिपला आणि नव्या पाहुण्याच्या मापाच्या सपाता आणायला आत धावली.