दोरीवरचे चिमटे

"लावा हात नाडीबाई, पाहुणे खोळंबलेत," सुपरवायझर म्हणाला आणि गळ्यातली शिट्टी उगाचच एकदा फुंकली.

नाडीबाईने हात लावला. टोमॅटोच्या वेलीचं एक पान बोटांत धरलं, डोळे मिटले, मान जराशी कलती केली. काचेच्या त्या लांबलचक शेडमध्ये चिडीचूप. एका पाहुण्याने तर श्वासच रोखून धरला होता.

"हिला पाणी हवंय. दुपारपर्यंत ताटकळवलंत तर मान टाकेल."

मालकांनी पाहुण्यांकडे असं बघितलं, जणू नाडीबाईला त्यांनीच घडवलं होतं. "बघितलंत? नुसता हात लावून सांगते. आमच्या शेडमधली रोपं म्हणजे हिची लेकरं!"

पाहुण्यांनी तिथल्या तिथे मोठी ऑर्डर पक्की केली.

आता यातली गंमत अशी, की त्या बोटांना पान कळतच नव्हतं. पान काय, कागद काय आणि मालकांचा टाय काय, सगळं सारखंच. कळत होतं ते कानाला. डोक्याला बांधलेल्या रुमालाखाली इयरफोन, त्याची वायर कोटाच्या बाहीतून थेट तळहातापर्यंत आणि तळहातात दडवलेला कपडे वाळत घालायचा चिमटा. चिमट्याच्या एका जबड्यात इवलासा दिवा, दुसऱ्यात उजेड ओळखणारा मणी. पान मधे धरलं की आरपार किती उजेड येतो त्यावर कानात टिकटिक. पान पाणी पिऊन तुडुंब असेल तर संथ, तहानलेलं असेल तर घाईघाईत. पानाला ओरखडा नाही की देठाला भोक नाही. खर्च म्हणाल तर जुन्या रेडिओंची मढी.

हा उद्योग तिच्या नवऱ्याचा. तो रेडिओ दुरुस्त करायचा. जगातले रेडिओ संपत आले तरी हा गडी दुकानाचं शटर खाली ओढायला तयार नव्हता.

एका संध्याकाळी नाडीबाईने चुलीवरच्या पातेल्याचं झाकण उचललं आणि धरूनच उभी राहिली. जरा वेळाने म्हणाली, "अहो, काहीतरी जळतंय."

"हो, तू," नवरा ओरडला आणि तिचा हात ओढून नळाखाली धरला.

मग सगळं बाहेर आलं. बोटं कधीपासून बधीर होती, डॉक्टर काय म्हणाले होते, एक अख्खी रांग हाताला न कळताच कशी सुकायला आली होती. त्या दिवशी पोपटने तिच्याबरोबर उन्हात बादल्या ओढल्या आणि रांग वाचवली. पोपट म्हणजे पाणी देणाऱ्या बायकांपैकीच एक. झोपेतसुद्धा बडबडते म्हणून हे नाव. पण त्या रांगेबद्दल तिने आजवर चकार शब्द काढला नव्हता.

नवऱ्याने धीर वगैरे दिला नाही. तो गॅलरीत गेला, दोरीवरचा चिमटा काढला, त्याचाच ओला शर्ट खाली रस्त्यावर पडला, तिकडे ढुंकूनही न बघता तो दुकानात पळाला. परत आला तो कानाच्या पाळीला चिमटा लावूनच.

"ऐक, ऐक! काय टिकटिकतोय! सुकून चाललोय गं मी, चहा टाक!"

तर असा तो चिमटा. त्याच्या जोरावर नाडीबाईचं नाव झालं आणि ते नावच अंगाशी आलं.

पाहुणे गेल्यावर मालकांनी तिला पॅकिंगच्या टेबलाशी बोलावलं. "उद्यापासून सगळ्या शेड तुमच्या. पगार वाढवतो. बाकीच्या चौघींना महिनाअखेर निरोप. एका हातात काम होतंय तर बाकीचे हात कशाला पोसायचे?"

"पोपटला पण?"

"तिला तर आधी," सुपरवायझर म्हणाला. "कान किटले आमचे."

घरी येऊन नाडीबाईने जेवणाचं ताट तसंच ठेवलं.

"नाही म्हणून सांग," नवरा म्हणाला.

"मी नाही म्हटलं तर दुसरी कोणी शोधतील. त्यांच्या डोक्यात एक जादूचा हात बसलाय. ती जादूच मोडायला हवी."

"नाडीबाई मोडेल."

"मोडू दे. मी गेले तर त्यांना चौघी लागतील. पण नुसती गेले तर त्या चौघींच्या हातावर कोण भरवसा ठेवणार?" ती उठून गॅलरीच्या दाराशी गेली. "चिमटे किती उरलेत हो दोरीवर?"

नवऱ्याने तिच्याकडे बघितलं, मग दोरीकडे. असा खूश झाला, की जणू त्याला कुणी नवा कोरा बिघडलेला रेडिओ आणून दिला होता.

"लोक हसतील गं तुला. खोटी नाडीबाई म्हणतील."

"म्हणू देत. मी पण हसेन त्यांच्याबरोबर."

महिनाअखेरीला मालक शेडमध्ये आले. चौघी ओळीने उभ्या. पोपट चक्क गप्प होती. मालक घसा खाकरणार तेवढ्यात नाडीबाई पुढे झाली.

"थांबा साहेब, आधी एक खेळ बघा. सुपरवायझरसाहेब, मी सांगितलं तसं सकाळपासून तुम्हीच काही रांगांचं पाणी बंद ठेवलंय ना? कुठल्या, ते सांगू नका."

चौघी रांगांमधून फिरल्या. पान धरायचं, डोळे मिटायचे, मान कलती करायची. पोपटने तर वरून एक उसासाही टाकला. तहानलेल्या रांगा बरोबर ओळखल्या, एकही चुकली नाही. सुपरवायझरचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"शिकवलंत यांना?" मालकांनी विचारलं.

"शिकवायचंय काय त्यात? वाटून दिलं." नाडीबाईने रुमाल सोडला, कानातला इयरफोन काढला, बाहीतून वायर ओढली. मग कुणाला काही कळायच्या आत चिमटा सुपरवायझरच्या कानाला लावला आणि इयरफोन मालकांच्या हातात दिला. "ऐका. पार कोमेजलाय. पाणी द्या याला."

चौघी फिसकन हसल्या. सुपरवायझर कान सोडवत राहिला. मालकांनी मात्र ऐकलं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

"म्हणजे इतके दिवस मला फसवलंत?"

"पीक फसलं का?"

"आणि तुमचा हात?"

तिने चिमटा परत घेतला आणि स्वतःच्याच बोटाच्या टोकाला लावला. कातडी पांढरी पडली. ती मालकांकडे बघत राहिली, पापणीसुद्धा लवली नाही. "हात केव्हाच गेला, साहेब."

आता कुणीच हसत नव्हतं.

"मग मी तुम्हाला ठेवू शकत नाही," मालक म्हणाले. "आणि ते चिमटे इथेच ठेवून जा. माझ्या शेडमधलं काम आहे ते."

"चिमटे माझ्या दोरीवरचे आहेत. ते मी यांना दिलेत, तुम्हाला नाही. उद्या या चौघी आल्या तर चिमटे येतील. नाही आल्या तर तुम्ही आहात, ऑर्डर आहे आणि ऊन आहे."

मालकांनी वर काचेकडे बघितलं. ऊन चांगलंच चढलं होतं. मग सुपरवायझरला म्हणाले, "चौघींना कामाला लाव."

सुपरवायझरने शिट्टी तोंडात धरली, पण फुंकली नाही.

पोपट दारापर्यंत धावत आली. "नाडीबाई, आणि तुम्ही? तुम्ही काय करणार?"

"कपडे धुवायचे राहिलेत," नाडीबाई म्हणाली.

आणि खरंच धुतले. बादली घेऊन गॅलरीत आली तर दोरी मोकळी, एक चिमटा नाही. वारा मात्र जोरात. तिने नवऱ्याचा शर्ट दोरीवर टाकला आणि बाहीला गाठ मारायला घेतली. गाठ बसली की नाही ते बोटं सांगेनात. तिने पुन्हा ओढून बघितली.

खाली दुकानातून नवऱ्याने मान बाहेर काढली. "अगं, पडेल तो!"

"नाही पडत," ती म्हणाली आणि गाठ दातात धरून घट्ट ओढली.