फलाटावरचा धावणारा माणूस

मित्रांनो, मी एक जुना प्रवासी आहे. उंची म्हणाल तर तुमच्या करंगळीच्या एका पेराएवढी. अंगात तपकिरी कोट, हातात बॅग आणि डावा पाय हवेत. मला गाडी पकडायची आहे. कितीतरी वर्षं मी स्वतःहून जागचा हललेलो नव्हतो, पण त्यामुळे घाई काही कमी झाली नव्हती.

माझा जन्म खेळण्यांच्या कारखान्यात, साच्यातून झाला. एकाच दांडीला आम्ही बरेच जण वाळत घातलेल्या मोज्यांसारखे लटकलो होतो. एक पेपर वाचणारे गृहस्थ होते, एक छत्रीवाली बाई होती, एक हमाल होता आणि एक बसलेले आजोबा होते. आजोबांचा बाक दुसऱ्या पाकिटात होता, त्यामुळे ते बरेच दिवस नुसत्या हवेवर बसून होते. पण माणूस समाधानी. बाकी सगळ्यांच्या वाट्याला आयुष्य काढता येईल अशी कामं आली. मला मात्र धावताना घडवलं. विचार करा, तुम्हाला नेमक्या उशीर झालेल्या क्षणी कुणी जन्माला घातलं आणि तिथंच सोडून दिलं, तर तुमचा स्वभाव कसा होईल?

रंग देणाऱ्या बाई आम्हाला एकेक करून रंगवत होत्या. माझा एक डोळा काढून झाला आणि त्यांची जेवणाची सुट्टी झाली. परत आल्यावर त्यांनी पुढच्या माणसापासून सुरुवात केली. माझी काही तक्रार नाही. गाडी चुकलेली दिसायला एक डोळा पुरतो.

पुढं मला कवळीवाल्या काकांनी घरी नेलं. काका कवळ्या बनवायचे. घराच्या पुढच्या खोलीत दातांचं काम आणि आतल्या खोलीत रेल्वे. काकांची कवळी इतकी हुबेहूब असायची की ती ज्याच्या तोंडात बसायची, तो काकांना साफ विसरून जायचा. कवळी तयार झाली की डबीत जायची, डबी डॉक्टरांकडे जायची आणि पुन्हा कधी कुणी येऊन सांगायचं नाही की बघा, मी त्या कवळीनं कसा हसतो. म्हणून काकांनी आतल्या खोलीत असं काहीतरी बनवायला घेतलं जे घर सोडून जाणार नाही. एका लांबलचक टेबलावर एक स्टेशन, एक डोंगर, डोंगरात एक बोगदा आणि मधून रूळ. याला ते 'तुकडा' म्हणत, कारण त्यांच्या क्लबात प्रत्येकानं आपापल्या घरी असाच एकेक तुकडा बनवायला घेतला होता. सगळे तुकडे जोडले की त्याचा मोठा गोल होणार आणि त्यावरून गाडी फिरणार, असा बेत होता.

काकांचं सामान ठरलेलं. जबड्यांचे साचे ज्या प्लास्टरचे, त्याच प्लास्टरचा डोंगर. दात घासायच्या ब्रशचे केस कापून, हिरवे रंगवून, त्याचं गवत. डोंगर दुरूनसुद्धा खालच्या जबड्यासारखा दिसे. काकू दारातूनच विचारायच्या, "अहो, तुमच्या डोंगराला अक्कलदाढ येतेय का?"

"तो कडा आहे," काका मान वर न करता सांगायचे.

"किडलाय."

"ती गुहा आहे गं!"

पण खरी गंमत, म्हणजे आमच्या दृष्टीनं खरा छळ, वेगळाच होता. काकांच्या हाताला चैन नव्हती. आज इथं लावलेला सिग्नल उद्या तिथं जायचा. झाडं रात्रीत रस्ता ओलांडायची. बोगद्याचं तोंड तर त्यांनी इतक्यांदा खरवडलं की काकू म्हणाल्या, "हा बोगदा आहे की जांभई?" आणि माझ्याबद्दल काय सांगू! आधी मी तिकीट खिडकीजवळ होतो. मग जिन्यापाशी गेलो. मग बाकाच्या मागं, म्हणजे आजोबांचंच पाकीट मारून पळतोय अशा जागी. आजोबांनी त्यानंतर माझ्याशी संबंध ठेवला नाही. दरवेळी काका दातातली कीड शोधायची बारीक सळई माझ्या बुटाखाली घालून मला उपटायचे. एकदा मी आलो आणि उजवं पाऊल फलाटावरच राहिलं. काकांना फार वाईट वाटलं. त्यांनी हिरड्या बनवायच्या मसाल्याचं नवं पाऊल करून दिलं. ते गुलाबी आहे. लोकांना वाटतं, घाईत एक बूट घालायचा राहिला. ते माझ्या एकंदर वागण्याला शोभतं.

महिन्यातून एकदा क्लबाची बैठक भरायची. काका आमचा फोटो न नेता मलाच डबीत घालून न्यायचे, नमुना म्हणून. सगळे गोल बसायचे आणि प्रत्येकानं 'सध्या काय चाललंय' ते सांगायचं. क्लबाच्या प्रमुख होत्या बसताई. त्या शहरात बस चालवायच्या. त्यांच्या तुकड्यावर एक अख्खा बस डेपो होता. फलक, पंप, गाडी धुवायची जागा, सगळं. रूळ कुठं आहेत असं विचारलं की त्या म्हणायच्या, "आहेत ना. त्या भिंतीमागून जातात."

दुसरे होते निवृत्त न्यायाधीश. त्यांना सगळे जज्जसाहेब म्हणायचे. त्यांनी नदीवरचा पूल बांधला होता, एकेक खिळा मोजून, अप्रतिम. फक्त खाली नदी नव्हती, नुसता खड्डा होता. पाणी ओतायचं राहिलं होतं.

"साहेब, पाण्याचं काय झालं?" बसताई विचारायच्या.

"पाणी हिरवं की निळं, दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आहेत. निकाल राखून ठेवलाय."

"आणि काका, तुमचं?"

"जवळजवळ झालंच आहे," काका म्हणायचे. दर महिन्याला हेच. पुढच्या महिन्यापर्यंत अर्धा डोंगर पुन्हा खाली आलेला असायचा. मला नेहमी वाटायचं, गाडीपेक्षा यांचं 'जवळजवळ' जास्त लांबचा प्रवास करतंय.

मग एके दिवशी दोन गोष्टी एकदम झाल्या. क्लबाला कायमचा हॉल मिळाला. आणि काकूंच्या आईनं कळवलं की त्या आता लेकीकडेच राहायला येतायत.

"आईचा पलंग आतल्या खोलीत लागणार," काकू म्हणाल्या. "तुमचा तुकडा हॉलमध्ये न्या. तिथं तरी तो सुखानं राहील."

"हॉलमध्ये फक्त पूर्ण झालेले तुकडे घेणार आहेत."

"मग पूर्ण करा."

"आणि नाही घेतला तर?"

काकूंनी डोंगरावरून एकदा हात फिरवला. त्यांनाही तो आवडत होता, पण तसं बोलून दाखवायची त्या घरात पद्धत नव्हती. "तर मोडावा लागेल, अहो. पलंगावर डोंगर ठेवून आईला कुठं झोपवू? बोगद्यात?"

बसताईंनी नियम घातला होता: सगळे तुकडे जोडायचे, एक गाडी सोडायची. तिनं न थांबता पूर्ण फेरी मारली पाहिजे. ज्याच्या तुकड्यावर गाडी अडेल, त्यानं तुकडा घरी न्यायचा. आणि काकांच्या तुकड्याला आता घर नव्हतं.

काका झपाटल्यासारखे कामाला लागले. या लोकांकडे मापाचा एक पुठ्ठा असतो, गाडीच्या पोटाएवढा कापलेला. तो रुळावर उभा धरून पुढं सरकवायचा. कशालाही घासला नाही तर गाडी सुखरूप जाणार. काकांनी पुठ्ठा बोगद्यातून नेला, फलाटाच्या कडेनं नेला, सिग्नलखालून नेला. कुठंही घासला नाही. काकूंनी दारातून टाळ्या वाजवल्या. काम संपलं होतं. तुकडा उचलून टेम्पोत ठेवायचा, एवढंच बाकी होतं.

तेवढ्यात काकांची नजर माझ्यावर पडली.

"हा जरा लांब वाटतोय," ते स्वतःशीच म्हणाले. "याला गाडी मिळेल असं वाटत नाही."

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझी एवढी काळजी कुणी केली नव्हती. म्हणूनच मी घाबरलो. सळई माझ्या बुटाखाली आली. काकांनी मला उपटलं आणि फलाटाच्या अगदी कडेला चिकटवलं, बॅग रुळाकडे करून. मग आपलं ठेंगणं इंजिन रुळावरून ढकलून पाहिलं. ते माझ्या शेजारून पोट आत ओढून गेलं. काका खूश झाले. पुठ्ठा मात्र आधीच आवरून ठेवला होता.

हॉलमध्ये सगळे तुकडे जोडले गेले. डेपो, पूल, आम्ही आणि इतरांचे. बसताईंनी आपली गाडी काढली. लांबलचक, रुंद, दोन्ही बाजूंना बाहेर आलेल्या पायऱ्या असलेलं काळं इंजिन आणि मागं रिकामे डबे. गाडी आमच्याच फलाटावरून सुटायची ठरली होती. शेपूट बोगद्यात आणि तोंड फलाटाच्या अलीकडे अशी ती उभी राहिली.

काकांनी काकूंचा हात धरला. "अगं, काही राहिलं नाही ना?"

"आता राहिलं तरी राहू द्या."

गाडी हलली. मी तिच्याकडे बघत होतो. ती येत होती, थेट माझ्याकडे. आयुष्यभर जिच्यासाठी धावलो ती येतेय म्हटल्यावर माझ्या मनात एकच विचार आला, तो म्हणजे पळून जाण्याचा.

टक् असा आवाज झाला. इंजिनाच्या पायरीत माझ्या बॅगेची कडी अडकली, बुटाखालचा गोंद सुटला, इंजिन एका बाजूला कललं, सरळ झालं आणि मला घेऊन निघालं.

"अहो!" काकू ओरडल्या. "तुमचा माणूस गेला!"

"थांबवा!" जज्जसाहेब उठून उभे राहिले. "तो माझ्या पुलावर पडला आणि गाडी घसरली, तर दोष माझा नाही. हे आत्ताच सांगून ठेवतो."

"मग कुणाचा?" काकांनी विचारलं.

"ज्याचा प्रवासी, त्याचा."

"ताई, एक सेकंद थांबवा हो," काका म्हणाले. "मी चिमट्यानं अलगद काढतो."

"मधे थांबवली की तुमचा तुकडा नापास, काका. आणि मी स्टॉप आल्याशिवाय गाडी थांबवत नसते. कुणी लटको नाहीतर लोंबकळो."

मी पायरीला लटकून जग बघत होतो. डेपोच्या भिंतीमागून जाताना मला कळलं की भिंतीची मागची बाजू बसताईंनी रंगवलेलीच नाही. तिथून कुणी जाईल असं त्यांना वाटलंच नव्हतं. पुलावर आलो तर खाली अथांग खड्डा. जज्जसाहेब डोळे मिटून उभे होते आणि ओठांनी काहीतरी पुटपुटत होते, बहुतेक कलम. मी पडलो नाही. एकेक तुकडा मागं पडत गेला आणि सगळा हॉल गाडी सोडून माझ्याच बॅगेच्या कडीकडे बघत राहिला.

शेवटी समोर आमचा डोंगर आला. आणि बोगदा.

काका एकदम खाली बसले. पुठ्ठा होता गाडीच्या मापाचा. गाडी अधिक बाहेर लटकलेला मी, या मापाचा पुठ्ठा जगात कुणी कापत नाही. मी बोगद्याच्या कडेला आपटलो असतो, तर गाडी काकांच्याच डोंगराखाली अडली असती आणि डोंगर मोडायला गेला असता. मी एकुलता एक डोळा मिटू शकत नाही, म्हणून मला सगळं बघावं लागलं. पांढरी कड जवळ आली, माझ्या कानाला लागेल इतकी जवळ आली आणि बाजूनं निघून गेली. मधे केसभर जागा उरली होती. इतक्यांदा खरवडून खरवडून काकांनी तो बोगदा गरजेपेक्षा तेवढाच रुंद करून ठेवला होता.

गाडी बाहेर आली आणि फलाटाला लागून थांबली. मी जिथून निघालो होतो, त्याच गोंदाच्या डागावर लोंबकळत होतो.

"न थांबता पूर्ण फेरी," बसताई म्हणाल्या. "पास."

हॉलमध्ये एकच गलका झाला. काकू हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. काकांनी मला चिमट्यानं सोडवलं, दुसऱ्या हातानं खिशातून गोंदाची नळी काढली. "थोडासाच आत लावतो," ते म्हणाले. "आणि हा फलकही जरा तिरका झालाय. आणि तो कडा..."

"काका," बसताई म्हणाल्या, "आता हात लावलात तर पुन्हा तपासणी. मोठ्या गाडीनं."

काका गोंदाची नळी धरून उभे राहिले. त्यांनी फलकाकडे पाहिलं. तो खरंच तिरका होता. कड्याकडे पाहिलं. काकूंकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत आईचा पलंग उभा होता. मग काकांनी नळीला झाकण लावलं आणि मला बसताईंच्या तळहातावर ठेवलं.

"तुम्हीच ठेवा याला. माझं झालंय."

हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. जज्जसाहेब तर इतके हलले की पाणी हिरवं ओतायचं, असा निकाल त्यांनी तिथल्या तिथं दिला.

बसताईंना तसेही रिकामे डबे बघवत नव्हते. त्यांनी एका डब्याचं छप्पर उचललं आणि मला आत चिकटवलं. मला बसता येत नाही, त्यामुळे मी दोन बाकांच्या मधल्या वाटेत धावतो आहे. गाडी धावते, तिच्या आत मी धावतो. माझ्या हिशेबानं मी गाडीच्या आधी पोचायला हवा. आणि खरं सांगू? आता मला उतरायची घाई झाली आहे.

मित्रांनो, कधी असा हॉल दिसला तर जरूर या. रुळांवर वाकून फुंकर मारू नका, डोंगराला बोट लावू नका. कुणी काही बनवत असेल तर 'झालं का, झालं का' म्हणून त्याचा जीव खाऊ नका. पण त्यानं 'झालं' म्हटलं, तर 'अजून एक झाड हवं होतं' असं चुकूनही म्हणू नका. त्या वस्तूला जपायचं असेल, तर त्या माणसालाही जपा.

परवा एक मुलगी आली होती. काका आपल्या तुकड्याशेजारी हात खिशात घालून उभे होते. ती म्हणाली, "इथं एक झाड पाहिजे होतं, नाही का?" मी खिडकीतून पाहिलं, काकांचा हात खिशातून बाहेर येत होता आणि त्यात खरोखरच एक झाड होतं. तेवढ्यात गाडी पुढं निघाली. डेपो गेला, पूल गेला, हिरवी नदी गेली. ती फेरी मला जन्मभर पुरेल इतकी लांब वाटली. बोगद्यातून बाहेर आलो तेव्हा झाड मुलीच्या मुठीत होतं.

"तुझ्या घरी लाव," काका तिला सांगत होते. मग ते रिकामे हात मागं बांधून नुसते गाडीकडे बघत राहिले.